मुदतीचा हिशेब

अलिबागच्या दिवाणी कामांत उपयोगी पडणारी माहिती

१९८१ पर्यंत कुलाबा या नावाने ओळखल्या जाणाऱ्या रायगड जिल्ह्याचे जिल्हा व सत्र न्यायालय अलिबागेस आहे. मुदतीचा कायदा १९६३ चा, अंमल १ जानेवारी १९६४ पासून.

• लेखी कैफियत : समन्स बजावल्यापासून ३० दिवस, न्यायालयाने सकारण वाढ दिल्यास ९०. वाणिज्यिक दाव्यात १२० दिवसांनंतर हक्कच संपुष्टात येतो.

• हुकूमनाम्यावरील अपील : जिल्हा न्यायालयात ३० दिवस, मुंबई उच्च न्यायालयात ९०. हुकूमनाम्याचा दिवस गणनेत धरीत नाहीत, आणि नकलेसाठी लागलेला आवश्यक काळही वजा होत असल्यामुळे, नकलेवरील अर्जाची व ती तयार झाल्याची तारीख प्रथम पाहावी.

• सुट्टी : अखेरचा दिवस सुट्टीचा असल्यास न्यायालय उघडेल त्या दिवशी दाखल करता येते (कलम ४).

• विलंबमाफी : पुरेसे कारण दाखवावे लागते (कलम ५), मूळ दाव्यास ही सवलत नाही.

मुदत सरण्याच्या आदल्या रात्री वकिलाच्या कचेरीतील दिवा बहुधा पृष्ठांक, अनुक्रमणिका, वकीलपत्र, प्रतिज्ञापत्र व कोर्ट फी स्टँप यांची जुळणी होऊन कारकुनाच्या हातून संचिका दोऱ्याने शिवली जाईपर्यंत जळत असतो.