हत्यार, यंत्र आणि रिकामा डबा

कारागिराच्या घरात तीन वस्तू हमखास सापडतात. हाताला सवयीचे झालेले जुने हत्यार, हप्त्याने घेतलेले किंवा घ्यायचे मनात असलेले यंत्र, आणि वर्षानुवर्षे जपून ठेवलेला रिकामा डबा. या तिघांचा हिशेब एकदा एकत्र मांडून पाहावा, असे आम्हाला वाटते.

आर्वी हे कापसाचे गाव. जेथे कापूस तेथे जिनिंग-प्रेसिंग, आणि तेथेच पिंजारीही. पिंजाऱ्याचे भांडवल ते काय? खांद्यावरची पिंजण, तिला ताणून बांधलेली तात आणि ती छेडण्यासाठी लाकडी दस्ता. तात तुटली तर तो स्वतः बांधतो. वीज लागत नाही, जागेचे भाडे लागत नाही, काम असेल त्या दारात दुकान. उणीव एवढीच की दिवसभरात हातावेगळ्या होणाऱ्या गाद्या मोजक्याच, आणि कापसाची धूळ छातीत जाते ती वेगळीच.

विजेवरचे पिंजणयंत्र हेच काम कितीतरी लवकर उरकते. जुन्या गादीतला दडपून घट्ट झालेला कापूसही ते मोकळा करते. म्हणून यंत्राला नावे ठेवणे आम्हाला पटत नाही. यंत्रयुगावर सडकून टीका करणाऱ्या गांधीजींनीही 1924 साली शिवणयंत्राला अपवाद मानले होते. प्रश्न यंत्र चांगले की वाईट हा नाही. आपल्या कामाला ते पेलवते का, हा आहे.

याचा एक चांगला दाखला इतिहासात सापडतो. 1929 साली अखिल भारतीय चरखा संघाने सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचे बक्षीस जाहीर केले. त्या काळचे लाख रुपये! अटी मात्र कडक होत्या. किंमत 150 रुपयांच्या आत हवी. चरखा हलका, सहज हलवता येणारा हवा. तो 20 वर्षे टिकला पाहिजे आणि झिजलेले भाग बदलण्याचा वार्षिक खर्च किमतीच्या पाच टक्क्यांवर जाता कामा नये. किर्लोस्करवाडीच्या कारखान्यानेही यंत्र तयार करून पाठवले, पण ते अटींना पुरे उतरले नाही आणि बक्षीस कोणालाच मिळाले नाही. बक्षीस गेले, पण अटी आजही आपल्या कामाच्या आहेत. किंमत, टिकाऊपणा, दुरुस्ती, ने-आण : यंत्र विकणाऱ्यासमोर बसताना हे चार प्रश्न खिशात असावेत.

त्यात पाचवा प्रश्न आम्ही जोडतो. वर्षातून किती महिने काम? समजा, यंत्र 60 हजारांचे आहे आणि व्याजासह महिना तीन हजारांचे 24 हप्ते ठरले. म्हणजे हातचे 72 हजार जाणार. गाद्या-रजयांचे काम थंडीच्या आगेमागे. पावसाळ्यात ओल्या हवेत कापूस कोण पिंजून घेतो? सहाच महिने काम चालले तर वर्षाचे 36 हजार त्या सहा महिन्यांतून काढावे लागतील, म्हणजे महिना सहा हजार. वीजबिल, पट्टा, दाते आणि घरखर्च त्यावर. हप्ता मात्र बारा महिने दारात उभा राहतो.

काम दुसरीकडे वळले की मोठे यंत्रही थांबते. पुलगाव-आर्वी ही सुमारे 35 किलोमीटरची छोट्या रुळांची रेल्वे 1917 साली सुरू झाली, ती मुख्यतः कापसाच्या ओढीने. पुढे माल ट्रकवर चढला आणि गाडी बंद पडली. एकट्या कारागिराचे यंत्र थांबले तर घर थांबते. म्हणून दोघातिघांनी भागीत यंत्र घ्यावे, कामाचे दिवस आणि दुरुस्तीचा वाटा आधीच कागदावर लिहावा. आणि पिंजण विकू नये.

आता रिकाम्या डब्याकडे वळू. डालडा 1937 साली बाजारात आला. ताडाच्या झाडाचे चित्र असलेला त्याचा पिवळा डबा घरोघर पोहोचला. तूप संपले तरी डबा संपत नसे. त्यात डाळ राही, तुटला की रोप लागे. तेलाच्या 15 किलोच्या पिंपाला पत्र्याचे काम करणारा झाकण आणि कडी बसवून देई, उरल्यासुरल्या पत्र्यातून नसराळे आणि चिमणी निघे. म्हणजे एका कारखान्याचे वेष्टन दुसऱ्या कारागिराचा कच्चा माल होता. प्लास्टिकच्या पिशव्या आल्या आणि ही साखळी तुटली. पिशवी फाडली की ती थेट उकिरड्यावर.

व्यापाऱ्याने यातून एक गोष्ट उचलावी. जे वेष्टन घरात राहते, त्यावरचे दुकानाचे नावही घरात राहते. 2018 साली राज्यात प्लास्टिक पिशव्यांवर बंदी आली, तेव्हापासून कापडी पिशवीला पुन्हा मान आहे. ती गावातल्याच शिंप्याकडून शिवून घेतली तर पैसा गावात फिरतो. गादीवाल्यानेही खोळीच्या कोपऱ्यावर आपले नाव आणि गादी भरल्याचे वर्ष शिवून द्यावे. फोमची गादी दबली की टाकावी लागते. कापसाची गादी उसवून, पिंजून पुन्हा भरता येते. हे गिऱ्हाइकाला आपणच सांगायला हवे. काही वर्षांनी गादी दबेल, तेव्हा कोपऱ्यावरचे नाव वाचून तेच गिऱ्हाईक परत येईल. यंत्र असो वा पिंजण, दोन्ही चालतात ती या परत येणाऱ्या गिऱ्हाइकावर.