रक्तवाहिन्यांच्या दाहामागे विषाणू? उपचारांपूर्वी हिपॅटायटिसची चाचणी का गरजेची

नवी दिल्ली : दीर्घकाळ रेंगाळणारा ताप, घटते वजन, सांधेदुखी, त्वचेवरील जांभळट चट्टे आणि हातापायांतील बधिरता ही लक्षणे एकत्र दिसल्यास त्यामागे रक्तवाहिन्यांचा दाह, म्हणजेच ‘व्हॅस्क्युलायटिस’ असू शकतो. या आजारांत शरीराची रोगप्रतिकारक यंत्रणा स्वतःच्याच रक्तवाहिन्यांना इजा करते. अनेक रुग्णांमध्ये त्याचे मूळ कारण सापडत नाही. मात्र, काही प्रकारांचा विषाणू संसर्गाशी थेट संबंध सिद्ध झाला असून, त्यामुळे उपचारांची दिशाच बदलते.

‘पॉलीआर्टरायटिस नोडोसा’ हे याचे ठळक उदाहरण आहे. मध्यम आकाराच्या धमन्यांना ग्रासणाऱ्या या आजाराचे वर्णन कुसमाउल आणि मायर या जर्मन वैद्यकतज्ज्ञांनी १८६६ मध्ये केले. हिपॅटायटिस बी विषाणूशी असलेला त्याचा संबंध पुढे आला तो १९७० मध्ये.

नेमके काय घडते?

विषाणूचे घटक आणि त्यांच्याविरुद्ध तयार झालेली प्रतिपिंडे एकमेकांना चिकटतात. हे पुंजके रक्तातून फिरत धमन्यांच्या भिंतींत साचतात. तेथे पांढऱ्या पेशी जमतात आणि भिंतीला सूज येते. धमनी अरुंद झाल्यास मूत्रपिंड, आतडी व मज्जातंतूंचा रक्तपुरवठा घटतो.

हिपॅटायटिस सी विषाणूचा मार्ग वेगळा आहे. दीर्घ संसर्गात तो प्रतिपिंडे तयार करणाऱ्या पेशींना सतत चेतवत राहतो. त्यातून थंडीत साकळणारी ‘क्रायोग्लोब्युलिन’ प्रथिने निर्माण होतात आणि ती लहान रक्तवाहिन्यांत दाह घडवतात.

उपचारांतील पेच

दाह शमवण्यासाठी दिली जाणारी स्टेरॉइड व तत्सम औषधे प्रतिकारशक्ती दडपतात. शरीरात हिपॅटायटिस बी विषाणू असेल, तर या काळात तो झपाट्याने वाढून यकृताला गंभीर इजा करू शकतो. म्हणूनच ही औषधे सुरू करतानाच रक्ताच्या साध्या चाचणीने हिपॅटायटिस बी व सीची तपासणी केली जाते. संसर्ग आढळल्यास विषाणूरोधक औषधे हा उपचारांचा कणा ठरतो, तर स्टेरॉइडचा वापर शक्यतो अल्पकाळ केला जातो.

लहान मुलांमधील कावासाकी आजारामागेही संसर्गाचा संशय आहे. मात्र त्यास कारणीभूत ठरणारा एकच एक जंतू अद्याप निश्चित झालेला नाही.

लसीकरणाचा लाभ

हिपॅटायटिस बी प्रतिबंधक लसीकरण वाढल्यानंतर फ्रान्समध्ये या विषाणूशी निगडित पॉलीआर्टरायटिसचे प्रमाण लक्षणीयरीत्या घटले. भारतात ही लस २०११ पासून देशभरातील सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रमात समाविष्ट आहे. २०१८ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमांतर्गत तपासणी व उपचार मोफत उपलब्ध आहेत.

हिपॅटायटिसचा संसर्ग झालेल्या बहुतांश व्यक्तींना रक्तवाहिन्यांचा दाह होत नाही. परंतु दाहाचे निदान झालेल्या प्रत्येक रुग्णाच्या बाबतीत विषाणूचा शोध घेणे आवश्यक ठरते.