हिरड्यांतील रक्तस्राव, रक्तविकारांमधील

रक्तक्लथनाच्या (रक्त गोठण्याच्या) क्रियेत दोष असणाऱ्या दीर्घकालिक रक्तविकारांत हिरड्यांतून वारंवार रक्त येणे हे एक नेहमी आढळणारे लक्षण आहे. स्रवणारे रक्त थोडे असले, तरी लाळेत मिसळल्याने ते पुष्कळ भासते. या भीतीने अनेक रुग्ण दात घासणे सोडून देतात आणि त्यामुळेच रक्तस्राव वाढत जातो.

कारणे : दात व हिरडी यांच्या सांध्यावर जंतुयुक्त चिकट थर साचतो. तो न काढल्यास हिरडीस शोथ (दाहयुक्त सूज) येतो, तेथील केशवाहिन्या फुगतात व किंचित स्पर्शानेही फुटतात. निरोगी व्यक्तीत बिंबाणूंची गुठळी हे छिद्र लवकर बुजविते आणि क्लथन घटक ती गुठळी पक्की करतात. हीमोफिलियाच्या ‘ए’ प्रकारात आठव्या व ‘बी’ प्रकारात नवव्या क्लथन घटकाची न्यूनता असते. फोन व्हिलेब्रांट रोगात बिंबाणूंना वाहिनीच्या भित्तीस चिकटविणारे प्रथिन अपुरे वा सदोष असते. प्रतिरक्षाजन्य बिंबाणुन्यूनतेत बिंबाणूंचीच संख्या घटते. ही संख्या सामान्यतः दर घन मिमी. रक्तात दीड ते साडेचार लाख असते. लाळेत गुठळी विरघळविण्याचा गुण असल्याने थांबलेले रक्त पुन्हा वाहू लागते. तात्पर्य, रक्तदोष रुग्णाच्या हाती नसला, तरी शोथ टाळणे बऱ्याच अंशी त्याच्या हाती असते.

नागपूर परिसर : विदर्भात दात्र-कोशिका पांडुरोग, म्हणजेच लोकव्यवहारातील सिकलसेल, बराच आढळतो. मध्य भारतातील या विकाराच्या लक्षणधारकत्वाविषयी शुक्ला व सोळंकी यांचा लेख १९५८ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. या रोगात हिरड्या फिकट दिसतात. परंतु त्या रोगामुळे सहसा रक्त येत नाही. म्हणून अशा रुग्णाच्या हिरड्यांतून रक्त आल्यास ‘सिकलसेलमुळेच’ असे न मानता स्थानिक शोथ शोधावा. हायड्रॉक्सियूरिया हे औषध चालू असल्यास बिंबाणू घटण्याचा संभव असल्याने रक्तगणना करून घ्यावी. दंतसंसर्गाची उपेक्षा केल्यास तो वेदनेच्या झटक्यास निमित्त ठरू शकतो. सुपारी, तंबाखू व चुना यांचा खर्रा हे या भागातील प्रचलित व्यसन असून त्याने हिरड्यांची हानी होते. संत्र्यातील क जीवनसत्त्वाने रक्त थांबते, ही समजूत त्या जीवनसत्त्वाच्या त्रुटीपुरतीच खरी आहे. क्लथन घटकांची उणीव संत्र्याने भरून निघत नाही.

निगा : मऊ केसांच्या ब्रशाने दिवसातून दोनदा, हिरडीच्या कडेवर हलक्या हाताने दात घासावेत. शोथ हा कारण असल्यास नियमित स्वच्छतेने काही दिवसांत रक्त येणे कमी होते. बिंबाणू फारच कमी असतील, तर ब्रश वापरण्याबाबत वैद्यांचा सल्ला घ्यावा. राखुंडी, मिश्री यांसारखे खरखरीत वा तंबाखूयुक्त पदार्थ वर्ज्य करावेत. दर सहा महिन्यांनी दंततपासणी करावी. ॲस्पिरीन व आयबुप्रोफेन ही औषधे बिंबाणूंचे कार्य मंदावत असल्याने टाळावीत; वेदनेसाठी पॅरासिटामॉल योग्य मात्रेत चालते.

तातडीचे उपाय : स्वच्छ ओल्या कापडाची घडी रक्त येणाऱ्या जागी दहा ते पंधरा मिनिटे दाबून धरावी, मध्ये उचलून पाहू नये. त्या दिवशी गरम पदार्थ व जोरात चूळ भरणे टाळावे. वैद्यांच्या सल्ल्याने ट्रानेक्झामिक अम्लाच्या विद्रावाने गुळण्या केल्यास गुठळी टिकून राहते. रक्त न थांबल्यास, त्वचेवर जांभळे ठिपके उमटल्यास, तोंडात रक्ताचे फोड आल्यास अथवा तीव्र डोकेदुखी झाल्यास विनाविलंब रुग्णालय गाठावे.

दात काढणे : रक्तविकाराची माहिती न देता दात काढून घेणे जिवावर बेतू शकते. दंतवैद्य व रक्तरोगतज्ज्ञ यांच्या विचारविनिमयाने, आवश्यक तो क्लथन घटक वा बिंबाणू आधी देऊन ही शस्त्रक्रिया केली जाते. त्यासाठी वैद्यकीय व दंत महाविद्यालयांची रुग्णालये असलेले नागपूरसारखे शहर सोयीचे ठरते. रुग्णाने विकाराचे नाव, तीव्रता व रक्तगट लिहिलेले कार्ड सदैव जवळ बाळगावे.