सावली काळी नसते

चित्रकलेचा वर्ग असो, ग्रेड परीक्षेची तयारी असो की सुट्टीतलं शिबिर, एक सल्ला हमखास कानावर पडतो : "एका बाजूने काळी पेन्सिल फिरव, म्हणजे गोलाई येईल." मुलं फिरवतात, आणि ताजा लाल टोमॅटो एका अंगाने कुजल्यासारखा दिसू लागतो. हा सल्ला चुकीचा आहे, आणि तो इतक्या ठामपणे दिला जातो याचा राग येतो.

सावलीतल्या भागावर उजेड मुळीच नसतो असं नाही, कमी असतो. खिडकीतला थेट प्रकाश तिथे पोचत नाही. भिंतीवरून, टेबलावरून परतलेला पोचतो. म्हणून तिथेही टोमॅटो लालच असतो, फक्त गडद लाल. काळं रंगद्रव्य मात्र सगळेच रंग जवळपास सारखे शोषतं, त्यामुळे लालपणाच मरतो. पिवळ्यावर तर आणखी घात : काळं आणि पिवळं मिळून शेवाळी छटा येते. पिकला हापूस सावलीकडे कच्चा दिसतो.

सावलीला रंग असतो हे पटत नसेल, तर जर्मन कवी गटेचा १८१० साली प्रसिद्ध झालेला रंगविषयक ग्रंथ पाहावा. ब्रोकेन पर्वत उतरताना बर्फावर दिवसा जांभळट आणि सूर्यास्ताच्या वेळी हिरव्या दिसलेल्या सावल्यांची नोंद त्यात आहे.

मग करायचं काय? टोमॅटोच्या सावलीत आधी गडद हिरव्याचा हलका थर द्या, त्यावर लाल. विरोधी रंग एकमेकांना शमवतात. गडदपणा येतो, पण रंग जिवंत राहतो. आंब्याला पिवळ्यावर नारिंगी, मग तांबूस तपकिरी, शेवटी जांभळ्याचा पुसट हात. आणि सर्वांत गडद पट्टा कडेला नको, कडेच्या किंचित आत हवा. टेबलावरून परतलेला प्रकाश कड थोडी उजळतो, आणि ती उजळ किनार राखली की फळ कागदातून वर येतं. काठावर जाड काळी रेघ मारली, तर तेच फळ चपटं होतं. पडछाया फळ टेकतं तिथे सर्वांत गडद, पुढे फिकी आणि पसरट. त्या टेकण्याच्या फटीत, इतर रंगांवर, काळ्याचा एखादा स्पर्श चालतो.

जोरात दाबलं की गडद येतं, हेही खरं नाही. कागदाचा खरखरीतपणा रंगपेन्सिलीतल्या मेणाने बुजतो आणि पुढचा थर धरत नाही. बोटाने घासून छटा मिसळते ती शिसपेन्सिलीची. मेणाची रंगपेन्सिल फारशी पसरत नाही, उलट बोटाचा तेलकटपणा कागदाला लागतो. महागड्या संचाशिवाय छायांकन जमत नाही, हा समज दुकानात सोडून या. राहिली चकाकी : लालावर पांढरी पेन्सिल फिरवली की गुलाबी येतं. चकाकीची जागा पहिल्यापासून कोरी ठेवा.