रेतीत सापडलेला दात कोणाचा?

वरठीकडे घराचे काम निघाले, की दारात वैनगंगेच्या रेतीचा ढीग पडतो. ती गाळताना चाळणीवर शिंपले उरतात, गोटे उरतात आणि एखादे वेळी काळपट, जड, दातासारखा तुकडाही. तो पोरांच्या हाती लागला तर दोन दिवसांत हरवतो. जपून ठेवलाच, तर पहिला अंदाज ठरलेला : डायनासोर!

सुट्या दाताने भल्याभल्यांना चकवले आहे. वरठीहून फार लांब नसलेल्या नागपूर परिसरात, टाकळीच्या थरांतील एका दातावरून रिचर्ड लिडेकर यांनी १८९० मध्ये डायनासोरची नवी जात जाहीर केली : मासोस्पॉन्डिलस रावेसी. मूळ मासोस्पॉन्डिलस दक्षिण आफ्रिकेचा, मुख्यतः झाडपाला खाणारा, सुमारे १८ ते २० कोटी वर्षांपूर्वीचा. टाकळीचे थर मात्र साडेसहा-सात कोटी वर्षांचे. म्हणजे मध्ये दहा कोटी वर्षांहून मोठी दरी! हा दात मांसाहारी डायनासोरचा असावा, किंवा डायनासोरचा नसेलही, असे पुढे मानले गेले.

मग दातावरच एवढी भिस्त का? कारण मेल्यानंतर टिकण्यात त्याचा हात कोणी धरत नाही. दाताच्या बाहेरील कवचात, एनॅमलमध्ये, सुमारे ९६ टक्के खनिज असते. जिवंतपणी किडला तर तो हाडासारखा भरून येत नाही, पण जमिनीखाली हाड कुजले तरी दात उरतो.

ओळख पटते ती चावण्याच्या बाजूवरून. एकामागे एक उभ्या पट्ट्या दिसल्या तर हत्तीची दाढ. गाय-म्हैस, हरीण यांच्या दाढेवर चंद्रकोरी दिसतात. डुकराच्या दाढेवर गोल उंचवटे, आपल्या दाढेसारखेच. काळा रंग मात्र पुरावा नव्हे. चिखलात पडलेली गेल्या पिढीतील बैलाची दाढही काळी पडते.

दुसरा साक्षीदार खडक. भंडारा जिल्ह्यातील मँगनीजवाले खडक डायनासोरच्याही फार आधीचे, त्यांत दात सापडायचा नाही. नदीचा गाळ मात्र अलीकडचा. नाशिक जिल्ह्यात नांदूर मध्यमेश्वरजवळ गोदावरीच्या गाळात नामशेष हत्तीचे अवशेष मिळाले. त्यावर गाय पिलग्रिम यांनी १९०५ मध्ये लिहिले. वैनगंगेकाठच्या दाताबाबतही आधी गुरे, मग जुने हत्ती, असाच विचार करावा.

दाताची जागा हरवली, की निम्मी माहिती जाते. राल्फ फॉन कोनिग्स्वाल्ड यांना १९३५ मध्ये हाँगकाँगच्या चिनी औषधांच्या दुकानात एक प्रचंड दाढ मिळाली. ‘ड्रॅगनचे दात’ म्हणून तिथे असे जीवाश्म कुटून औषधात देत. ती महाकाय वानराची, जायगँटोपिथेकसची निघाली. पण कोणत्या गुहेतून आली, ते दुकानावरून कळणार कसे? (औषध म्हणून या भुकटीचा उपयोग खडूपेक्षा फार नसावा.)

म्हणून दात सापडला तर घासू नये, ॲसिडने धुऊ नये, फेविक्विक लावू नये. शेजारी फूटपट्टी ठेवून चारही बाजूंनी फोटो काढावेत, रेती कोणत्या घाटाची ते रेतीवाल्याला विचारून तारखेसह लिहावे. तो कापसात गुंडाळून नागपूरला सेमिनरी हिल्सवरील भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या कार्यालयात दाखवता येईल. उत्तर ‘म्हैस’ असेच मिळण्याची शक्यता जास्त, तरी चिठ्ठी सोबत असू द्यावी.