चित्राला चालायला शिकवताना

मैत्रिणींनो, आपल्या घरातली मुलं तासन् तास जी कार्टून बघत बसतात, ती करतं तरी कोण, असा प्रश्न आपल्याला सहसा पडत नाही. पडतो तो दहावी-बारावीच्या सुमारास, मुलगा किंवा मुलगी "मला अ‍ॅनिमेशनच शिकायचं" म्हणून हटून बसते तेव्हा! यवतमाळसारख्या गावातून मग नागपूर नाही तर पुण्याच्या क्लासची चौकशी सुरू होते, आणि फीचा आकडा लाखांच्या घरात गेला की घरात दोन तट पडतात.

आमच्या घरी हा प्रश्न थोरल्या लेकीनं नववीतच उभा केला. ह्यांचं म्हणणं, "आवड खरी की टीव्हीची हौस, हे कळायचं कसं?" प्रश्न रास्त होता. म्हणून आम्ही मायलेकींनी ठरवलं, की फी भरण्याआधी सहा महिने घरीच पुस्तक घेऊन बसायचं. त्या सहा महिन्यांत जे हाती लागलं, ते तुम्हालाही उपयोगी पडेल असं वाटतं.

पुस्तकावरून का येतं?

येतं, बरं का! आपल्या मराठी मुलखात याचा थोर दाखला आहे. दादासाहेब फाळक्यांनी सिनेमाची विद्या आधी पुस्तकावरूनच गिरवली. इंग्रजीतलं सिनेमाची बाराखडी शिकवणारं पुस्तक त्यांनी मिळवलं, आणि 1912 साली ते यंत्रसामग्रीसाठी लंडनला गेले. परत आल्यावर पैसे घालणाऱ्यांची खात्री पटावी म्हणून त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि रोज थोडी थोडी चित्रं घेत महिनाभरात रोपाची वाढ टिपली. पडद्यावर तो वेल भराभर वाढताना दिसला. एकेक चित्र घेत हालचाल उभी करायची, हेच अ‍ॅनिमेशनचंही मूळ. पुढे त्यांनी आगकाड्यांना नाचवणारा 'आगकाड्यांची मौज' हा लहानसा चित्रपटही केला.

या कथेतलं दुसरं नाव आपण विसरू नये. सरस्वतीबाई फाळके फिल्मला भोकं पाडत, ती धुवायला मदत करत, चित्रपटासाठी त्यांनी दागिने गहाण टाकले, आणि वर सगळ्या मंडळींचा स्वयंपाकही केला. 3 मे 1913 रोजी 'राजा हरिश्चंद्र' लोकांपुढे आला, त्यात या माउलीचे कष्ट होते. तेव्हा "हे यंत्राचं काम आपल्या बायकांचं नव्हे" असं म्हणायची सोयच राहिलेली नाही.

कोणतं पुस्तक घ्यावं?

पुस्तकं दोन जातींची असतात. एक, हालचालीचे नियम सांगणारी. डिस्ने कंपनीत उभी हयात घालवलेल्या फ्रँक थॉमस आणि ऑली जॉन्स्टन यांचं 1981 सालचं 'द इल्यूजन ऑफ लाइफ' किंवा रिचर्ड विल्यम्स यांचं 2001 सालचं 'द अ‍ॅनिमेटर्स सर्व्हायव्हल किट' ही त्यातली. ही जुनी होत नाहीत, कारण माणूस चालतो कसा हे काही बदललेलं नाही.

दुसरी जात म्हणजे 'हे बटण दाबा, ते दाबा' असं सांगणारी. ती लवकर शिळी होतात. आम्ही 'ब्लेंडर' या सॉफ्टवेअरवर शिकलो. ते 2002 सालापासून सर्वांना खुलं आहे, एक पैसा पडत नाही. लाटव्हियासारख्या छोट्या देशातल्या मंडळींनी याच सॉफ्टवेअरवर 'फ्लो' नावाचा मांजराचा चित्रपट केला, आणि त्याला 2025 साली ऑस्कर मिळालं! पण 2019 मध्ये या सॉफ्टवेअरचं रूप पुष्कळ बदललं. त्याआधीच्या पुस्तकातली चित्रं आणि आपला पडदा यांचा मेळ बसत नाही, आणि नवशिक्याला वाटतं आपलीच अक्कल कमी. तेव्हा पुस्तक कोणत्या आवृत्तीसाठी आहे ते पहिल्या पानांवर बघा, आणि ब्लेंडरची तीच जुनी आवृत्ती उतरवून घ्या. जुन्या आवृत्त्याही त्यांच्या संकेतस्थळावर फुकट ठेवलेल्या आहेत.

पुस्तकं इंग्रजीत असतात, हे खरं. पण ते इंग्रजी कादंबरीचं नसतं. तेच शंभर-दीडशे शब्द पुन्हापुन्हा येतात. एक वही करून त्यांचे मराठी अर्थ लिहीत गेलं, की महिन्याभरात वही उघडावी लागत नाही.

आधी चेंडू, मग बाहुली

मुलांना पहिल्याच दिवशी राक्षस आणि परी नाचवायची असते. चांगलं पुस्तक मात्र आधी चेंडू टाकायला सांगतं. एका सेकंदात साधारण 24 चित्रं, म्हणजे फ्रेम, पडद्यावरून जातात. चेंडू वर पोचतो तिथे तो रेंगाळतो, म्हणून तिथली चित्रं जवळ जवळ. जमिनीकडे येताना वेग वाढतो, म्हणून चित्रं लांब लांब. जमिनीवर आदळला की तो चपटा होतो, पण कणकेच्या गोळ्यासारखा! गोळा दाबला तर पसरतो, कमी होत नाही. हे एवढं साधलं, की रबराचा चेंडू आणि लोखंडाचा गोळा यांतला फरक नुसत्या हालचालीतून दाखवता येतो. आम्हाला या चेंडूलाच तीन आठवडे लागले.

संगणक यात काय करतो? ठिपक्यांची रांगोळी आठवा. मुख्य मुख्य ठिपके आपण मांडायचे: पहिल्या फ्रेमला हात खाली, बाराव्या फ्रेमला हात वर. मधल्या रेषा संगणक जोडतो. पण तो बिनमनाने जोडतो. हात तरंगत गेल्यासारखा दिसतो. कुठे थांबायचं, कुठे झटका द्यायचा, हे आपणच सांगायचं. सगळी कला त्या मधल्या जागेत आहे.

सांगाडा आणि पोलकं

बाहुली घडवली, की तिच्या आत हाडांचा सांगाडा बसवायचा. हाड फिरलं की वरची कातडी फिरते. पण कोणत्या हाडाने किती कातडी ओढायची, हे रंग भरून ठरवावं लागतं. बाही नीट न बसलेलं पोलकं कसं असतं? हात वर केला की सगळं पोलकंच वर चढतं. इथेही अगदी तसंच होतं. हात उचलला की कंबर ओढली जाते. शिवणाची सवय असलेल्या बाईला हा धडा पटकन समजतो.

मग चालणं. एका पावलाला साधारण 12 फ्रेम, म्हणजे अर्धा सेकंद. त्यात चार अवस्था: टाच टेकली, अंग खाली बसलं, दुसरा पाय शेजारून गेला, अंग वर उचललं. एवढ्याने बाहुली चालते खरी, पण कोण चालतंय ते कळत नाही. ते कळतं वजनावरून. भरलेली कळशी कडेवर घेतलेली बाई आठवा. कळशी एका बाजूला, अंग दुसऱ्या बाजूला झुकलेलं, मोकळा हात लांब आणि पावलं आखूड. हे आपल्याला कोणी शिकवावं लागत नाही. आपण आयुष्यभर माणसंच बघत आलो आहोत. सासूबाई रागावल्या आहेत हे त्यांच्या चालीवरून ओळखणारी सून अर्धी अ‍ॅनिमेटर असतेच!

बोलक्या बाहुलीची बाराखडी

बाहुलीला बोलायला लावायचं, तर पुस्तकातला ओठांचा तक्ता इंग्रजी बोलण्यासाठी असतो. इथे मला माझी शाळेतली बाराखडी कामी आली. आपली वर्णमाला मुळातच उच्चाराच्या जागेप्रमाणे लावलेली आहे. क-वर्ग घशाजवळचा, त-वर्ग दातांचा, प-वर्ग ओठांचा. म्हणून प, ब, भ, म आले की ओठ मिटलेच पाहिजेत. 'आ'ला जबडा खाली, 'ई'ला ओठ ताणलेले, 'ऊ'ला चंबू. प्रत्येक अक्षर दाखवायची गरज नसते. मिटलेले ओठ आणि मोठे स्वर बरोबर जागी पडले, की बाहुली मराठी बोलते. आरसा समोर ठेवून "मामा, भाकरी वाढू का?" म्हणून बघा.

काही व्यवहाराच्या गोष्टी

लॅपटॉप निदान 8 जीबी मेमरीचा हवा. उंदराला, म्हणजे माउसला, तीन बटणं असावीत.

दहा सेकंदांची फिल्म म्हणजे 240 चित्रं. एकेका चित्राला मिनिट लागलं तरी चार तास झाले. आपल्याकडे वीज केव्हा जाईल याचा नेम नाही. म्हणून अंतिम फिल्म एकदम व्हिडिओत न काढता सुटी सुटी चित्रं काढावीत आणि नंतर जोडावीत. वीज गेली तरी झालेली चित्रं शाबूत राहतात, पुढची तिथूनच सुरू करता येतात. उन्हाळ्यात हे काम पहाटे लावावं. आपल्या 44-45 अंशांत माणूस तापतो तसं यंत्रही तापतं.

अडलं तर मुंबईच्या आयआयटीचा 'स्पोकन ट्युटोरियल' हा फुकट उपक्रम आहे. त्यात ब्लेंडरचेही धडे आहेत.

सहा महिन्यांनी काय झालं?

लेकीला उमगलं, की तिला बाहुली घडवायला मनापासून आवडते, पण हलवायला बसलं की कंटाळा येतो. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, त्यांचे अभ्यासक्रम आणि नोकऱ्याही वेगळ्या असतात, हे लाखभर रुपये भरण्याआधी कळलं. आता ती चित्रकलेची परीक्षा देते आहे. निर्णय तिचा, आणि घरात कोणी कोणावर रागावलेलं नाही.

हलवण्याचा नाद मात्र मला लागला. तान्ह्या पोळ्याचा चाकांचा लाकडी बैल चाकं सोडून चार पायांवर चालू लागतो, अशी वीस सेकंदांची फिल्म मी शाळेतल्या मुलांसाठी केली. "बाई, त्याचं ओझं जड आहे ना?" असं दुसरीतल्या एका मुलानं विचारलं. बैलाच्या पाठीवर ओझं आहे हे त्याला नुसत्या पावलांवरून कळलं होतं.

तेव्हा मैत्रिणींनो, मुलानं हट्ट धरला तर रागवू नका, आणि लगेच चेकही फाडू नका. एक पुस्तक आणा, चेंडूपासून सुरुवात करा, आणि शेजारी स्वतः बसा. मुलाचा कल कळेलच. आणि कोण जाणे, दुपारचा तो रिकामा तास पुढे तुमचाच होऊन बसेल.