घोडा एकाचा, स्वारी दुसऱ्याची

जवळा बाजारात घोडी दिसते ती लग्नसराईत. परण्याला निघालेला नवरदेव वर, लगाम धरून मालक खाली, मागे बँड. नवरदेवाला घोड्यावर बसता येतं का, हे कुणी विचारत नाही. घोडी मालकाच्या शब्दावर चालते आणि मारुतीच्या पारापाशी त्याच्याच शब्दावर थांबते. एरवी औंढा नागनाथ तालुक्यातल्या या बाजारपेठेच्या गावात बोलणं चालतं ते हळदीचं, सोयाबीनचं, कापसाचं. घोडा विकत घ्यायचाच असेल तर मार्गशीर्षात नांदेड जिल्ह्यातलं माळेगाव गाठायचं. तिथल्या खंडोबाच्या यात्रेत घोडे, गाढवं, उंट सगळ्यांचा बाजार भरतो.

सव्वाशे वर्षांपूर्वी मात्र याच मुलखात घोडा कुणाचा आणि स्वार कोण, यावर पगार ठरत असे. हिंगोली ही हैदराबाद कंटिंजंटची छावणी. निजामाच्या खर्चाने पोसलेल्या आणि इंग्रज अधिकाऱ्यांच्या हुकमतीतल्या या फौजेचं घोडदळ शिलेदारी पद्धतीचं होतं. ज्याचा घोडा स्वतःचा तो शिलेदार. ज्याच्याकडे घोडा नाही पण मांड पक्की आहे, तो दुसऱ्याच्या घोड्यावर बसणारा बारगीर. एका घोडेस्वाराच्या जागेला ‘असामी’ म्हणत, आणि ती विकत घेता येई, विकताही येई. चार असाम्यांचा धनी स्वतः एका घोड्यावर बसे आणि उरलेल्या तिघांवर बारगीर बसवी. घोडा मेला तर बोजा मालकावर. त्यासाठी पलटणीत वर्गणीचा फंड असे. फौजेचा खर्च किती भारी होता याची खूण नकाशावरही उमटली: कंटिंजंटच्या थकलेल्या खर्चापोटी निजामाला १८५३ साली अख्खा वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली करावा लागला. हिंगोलीची छावणी १९०३ मध्ये मोडली. पुढे याच घोडदळाचा वारसा सांगणारे डेक्कन हॉर्सचे स्वार जुलै १९१६ मध्ये फ्रान्समध्ये, सोमच्या लढाईत, हाय वूडपाशी भाले सरसावून जर्मनांवर गेले. आज त्या रेजिमेंटकडे रणगाडे आहेत.

शिलेदार आणि बारगीर यांची ही जोडी आजही शिल्लक आहे. तिला बघायला मात्र इव्हेंटिंगच्या मैदानावर जावं लागतं.

इव्हेंटिंग हा घोडेस्वारीतला सगळ्यात खडतर खेळ, आणि जन्माने लष्करी. घोडदळाच्या अधिकाऱ्याचं जनावर कवायतीत शिस्तीचं आहे का, रानात दमदार आहे का, आणि दमछाक झाल्यावर दुसऱ्या दिवशीही कामाचं उरतं का, हे तपासायला ही परीक्षा निघाली. १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये ती आली आणि पुढेही बरीच वर्षं मुख्यतः लष्करी अधिकाऱ्यांचीच राहिली. परीक्षेचे तीन भाग आहेत. आधी ड्रेसाज: आखीव चौकोनात ठरलेल्या चाली, स्वाराचा इशारा बघणाऱ्याला दिसूही नये इतक्या सफाईने. मग क्रॉस कंट्री: ओंडके, खड्डे, पाणी, उतार, आणि वेळेची टांगती तलवार. शेवटी जम्पिंग, म्हणजे रंगीत दांड्यांचे अडथळे. सगळा हिशेब दंडाच्या गुणांचा. क्रॉस कंट्रीत घोडा अडथळ्यापुढे अडला की २०, नेमून दिलेल्या वेळेपेक्षा उशीर झाला की दर सेकंदाला ०.४, जम्पिंगमध्ये दांडी पडली की ४. ज्याचा दंड सगळ्यात कमी तो पहिला.

एकाच घोड्याकडून ही तिन्ही कामं करून घेणं म्हणजे कीर्तनकाराला फडात उतरवून वर त्याच्याकडून हिशेबाची वही तपासून घेण्यासारखं आहे. म्हणून तयार घोडा दुर्मीळ, आणि दुर्मीळ म्हणून महाग. शिवाय एकाने भागत नाही. घोड्याचा पाय कधी धरेल सांगता येत नाही. निवडीच्या आठवड्यात एक लंगडला तर दुसरा उभा हवा, आणि त्या दोघांमागे उद्यासाठी घडणारा तिसरा. असा ताफा बाळगणं स्वाराच्या खिशाला झेपत नाही. इथे मालक येतो.

भारतात या नात्याचं सगळ्यात ठळक उदाहरण बंगळूरचं आहे. एम्बसी समूहाचे जितू विरवानी यांनी १९९६ मध्ये तिथे घोडेस्वारीची शाळा काढली. त्या शाळेत घडलेला स्वार म्हणजे फौआद मिर्झा. त्याचे वडील घोड्यांचे डॉक्टर, त्यामुळे पागा घरचीच. पण युरोपात स्पर्धा खेळायच्या तर लागणारे घोडे विरवानींनी घेतले: सेन्यूर मेडिकॉट, दजारा फोर, टचिंगवूड, फर्नहिल फेसटाइम. यातला सेन्यूर मेडिकॉट, तबेल्यातला लाडका ‘मिकी’, आधी बेटिना हॉय या जर्मन स्वाराकडे होता. हॉय म्हणजे २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये सुरुवातीची रेषा दोनदा ओलांडल्याच्या कारणावरून वैयक्तिक आणि सांघिक अशी दोन्ही सुवर्णपदकं हातची गेलेली बाई. पुढे तिनेच फौआदला शिकवलं. स्वतःच्या हातचा घोडा शिष्याच्या मांडीखाली द्यायचा आणि कडेला उभं राहून तो सांभाळायला शिकवायचं, हे गुरुपण सोपं नसावं.

ऑगस्ट २०१८, जकार्ता. आशियाई खेळांत फौआद आणि मेडिकॉट ड्रेसाजनंतर २२.४० गुणांवर पहिले होते. क्रॉस कंट्रीत दंड शून्य. आघाडी कायम. राहिलं फक्त जम्पिंग. तिथे एक दांडी पडली. चार गुण चढले, २६.४० झाले, आणि जपानचा योशियाकी ओइवा २२.७० वर सुवर्ण घेऊन गेला. एका दांडीचं अंतर! तरीही भारताला घोडेस्वारीत वैयक्तिक पदक मिळालं ते ३६ वर्षांनी, आणि राकेश कुमार, आशिष मलिक, जितेंदर सिंग यांच्या जोडीने सांघिक रौप्यही आलं. पडलेली दांडी स्वाराच्या नावावर लागते, रौप्यही त्याच्याच गळ्यात पडतं. घोड्याला फीत मिळते. मालकाला निकालपत्रकात, घोड्याच्या नावाखाली, बारीक अक्षरांतली एक ओळ.

पण नियमांच्या पुस्तकात ही ओळ बारीक नाही. ऑलिंपिकमध्ये घोड्याचा मालक आणि स्वार एकाच देशाचे असावे लागतात, आणि ऑलिंपिकच्या वर्षी जानेवारीच्या मध्यापर्यंत तशी नोंद पुरी व्हावी लागते. जर्मनीत जन्मलेला, जर्मनीतच राहणारा घोडा भारताचा ठरतो तो मालकाच्या पारपत्रामुळे. कुणी परदेशी शौकिनाने आयत्या वेळी घोडा उसना दिला, असं चालत नाही. म्हणून तर मोठ्या स्पर्धेच्या आदल्या वर्षाच्या हिवाळ्यात घोड्यांच्या खरेदी-विक्रीला ऊत येतो, आणि कितीतरी स्वारांच्या मांडीखालचा घडवलेला घोडा दुसऱ्या देशाकडे निघून जातो. स्वार विरोध करू शकत नाही. घोडा त्याचा नसतोच.

जर्मनीच्या मिखाएल युंगला हे चांगलं माहीत आहे. साम नावाच्या घोड्यावर त्याने २०१२ ला लंडनमध्ये आणि २०१६ ला रिओमध्ये वैयक्तिक सुवर्ण जिंकलं. पण लंडनच्या आधी सामच्या मालकीवरून वाद पेटला होता, आणि जगातली सर्वोत्तम जोडी कागदावरच तुटते की काय अशी वेळ आली होती. ब्रिटनच्या तेव्हाच्या राणीची नात झारा लंडनमध्ये ज्या हाय किंग्डमवर सांघिक रौप्य जिंकली, तोही तिचा नव्हता. ट्रेव्हर हेमिंग्ज या उद्योगपतीचा होता. राजघराण्यातली मुलगी, आणि बारगीर!

टोकियो ऑलिंपिकला फौआदबरोबर मेडिकॉटच गेला. आधी आखेनमध्ये सात दिवस विलगीकरण, मग बेल्जियमच्या लिएजहून विमान. घोड्यांना नेतात ते खोक्यासारख्या ठाणात, एकेकात दोन, पुढे गवताची जाळी, शेजारी मोतद्दार. तिथली एक गोष्ट टीव्हीवर फारशी दाखवत नाहीत, ती म्हणजे पशुवैद्यकीय तपासणी. स्पर्धेआधी एकदा आणि क्रॉस कंट्रीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा. टणक पट्टी, एका बाजूला पंच आणि डॉक्टर. स्वार ठेवणीतल्या कपड्यांत, घोडा खरारा करून चकचकीत, आयाळ वेणीत गुंफलेली. स्वार लगाम ढिला सोडून घोड्याबरोबर पळतो, घोडा दुडक्या चालीने जातो, वळतो, परत येतो. खुरांचा आवाज एकसारखा पडला पाहिजे. एक पाय किंचित हलका टेकला तरी पंच जोडीला बाजूला घेतात. आदल्या रात्री मोतद्दाराने तासन्‌तास पायांना बर्फ लावलेला असतो तो या अर्ध्या मिनिटासाठी. माळेगावच्या बाजारातला जाणता गिऱ्हाईकही हेच करतो. घोडा पळवून बघतो, आणि डोळ्यांपेक्षा कानावर जास्त भरवसा ठेवतो.

मेडिकॉट तपासणीत उतरला. ड्रेसाजमध्ये २८ गुण, नववा. क्रॉस कंट्रीत एकही अडथळा चुकला नाही, पण पावणेआठ मिनिटांच्या जागी आठ मिनिटं तेरा सेकंद लागले. अठ्ठावीस सेकंदांचे ११.२०. जम्पिंगच्या पहिल्या फेरीत दोन दांड्या पडल्या, तरी पहिल्या पंचविसात जागा टिकली. अंतिम फेरीत १२.४० आणखी. एकूण ५९.६०, तेविसावा. २००० साली सिडनीला मुंबईचा इम्तियाज अनीस स्प्रिंग इन्व्हेडरवर बसून गेला होता, तोही तेविसावाच आला होता.

हौशी मालक येण्याआधी भारतात या खेळाचा मालक एकच होता, तो म्हणजे लष्कर. १९८२ च्या दिल्ली आशियाई खेळांत ६१ कॅव्हलरीच्या रघुबीर सिंगने शहजादा नावाच्या घोड्यावर इव्हेंटिंगचं वैयक्तिक सुवर्ण घेतलं, संघालाही सुवर्ण मिळालं. घोडा सरकारी, चंदी सरकारी, स्वार पगारी. त्यात सोय मोठी होती: घोडा ऐन वेळी विकला जाण्याची धास्ती नव्हती. पण सरकारी पागेत जो घोडा मिळेल त्यावरच बसायचं, आणि युरोपातला दीड-दोन कोटींच्या घरातला जातिवंत घोडा सरकारी खरेदीत बसवणं कठीणच. २०२३ च्या हांगझोऊ आशियाई खेळांत इव्हेंटिंगच्या संघात आशिष विवेक लिमये आणि लष्करातले अपूर्व किशोर दाभाडे ही दोन मराठी नावं होती. लिमये ज्या विली बी डन घोड्यावर बसला होता, त्याच घोड्यावर त्याने २०२५ च्या अखेरीस थायलंडमधल्या पट्टायाला आशियाई अजिंक्यपदाचं इव्हेंटिंगचं वैयक्तिक सुवर्ण मिळवलं. एकच घोडा दोन वर्षं हाताखाली राहिला, हा त्या सुवर्णातला न मोजलेला भाग आहे.

मराठवाड्यातल्या माणसाला यातलं काहीच परकं वाटू नये. शंकरपटात बैलजोडी पळते ती एकाची आणि हाकणारा धुरकरी दुसरा. नाव गाजतं ते जोडीचं आणि मालकाचं. इव्हेंटिंगच्या बरोबर उलट. सर्वोच्च न्यायालयाने ७ मे २०१४ ला शर्यती थांबवल्या. डिसेंबर २०२१ मध्ये अंतरिम परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ ला घटनापीठाने महाराष्ट्राचा कायदा उचलून धरला. मधली साडेसात वर्षं ज्यांनी पळणारी जोडी ना पट ना बक्षीस अशी दावणीला पोसली, त्यांना विरवानींचा खर्च समजावून सांगायला नको.

तरी एक अडचण घोड्यांचीच आहे. भारतातल्या घोड्याला रोगांच्या नियमांमुळे युरोपात जाणं जवळजवळ बंद, म्हणून भारतीय स्वार जर्मनीत, फ्रान्समध्ये जाऊन राहतात आणि मालक तिथे पागा भरतात. हांगझोऊला ड्रेसाजचं सांघिक सुवर्ण जिंकणाऱ्या चौघांचे घोडेही, त्यात मुंबईच्या हृदय छेडाचा एमराल्ड, युरोपातूनच चीनला उडाले. जुलै २०२५ मध्ये जागतिक पशुआरोग्य संघटनेने मेरठच्या रिमाउंट व्हेटरिनरी कोअरच्या केंद्राला रोगमुक्त घोड्यांचा कप्पा म्हणून मान्यता दिली. भारतातला हा असा पहिलाच कप्पा. तिथल्या कुंपणात, तिथल्या नियमांनी राहिलेला घोडा आता परदेशी स्पर्धेला पाठवता येण्याची वाट उघडली आहे. माळेगावच्या यात्रेत हात बदलणारे घोडे या हिशेबात येत नाहीत. भीमथडी घोड्याला अलीकडेच स्वतंत्र जात म्हणून सरकारी नोंद मिळाली, पण धनगरांच्या वाड्यावस्त्यांबरोबर बिऱ्हाड वाहणाऱ्या त्या काटक जनावराकडे इव्हेंटिंगच्या मालकांनी अजून वळून पाहिलेलं नाही.